शहागडचं तेल

"उषे, रस्त्याकडं सगळेच बघतेत. तू काट्याकडं बघ."

बाबा मला हे सांगायचे तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि माझा पाय क्लचपर्यंत जेमतेम पुरत होता. वाटूरला पिकं निघून रान मोकळं झालं की ते मला स्टिअरिंगवर बसवायचे आणि आपण शेजारी बसायचे. काटा म्हणजे तेलाच्या दाबाचा काटा. "ह्यो उभा हाय तवर इंजिनात तेल फिरून राह्यलंय. पडला की विचार करत बसायचं न्हाई. चावी बंद. देवाचं नाव मंग घ्यायचं."

गाडी आमची नव्हती. वाटूरच्या काकासाहेबांच्या घरची काळी अँबॅसडर, साठ सालची. माझे बाबा, रामकिसन, तिच्यावर ड्रायव्हर होते. काकासाहेब पंचविशीत असताना त्यांना विषमज्वर झाला, तेव्हा बाबांनीच त्यांना मागच्या सीटवर आडवं घालून जालन्याच्या दवाखान्यात पोचवलं. त्यांची आई, तुळजाबाई, मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना मोठ्या आई म्हणतो. वाटेतच त्यांनी तुळजापूरच्या देवीला नवस बोलला, "माझं लेकरू वाचलं तर ज्या गाडीत आज निजलंय तीच गाडी तुझ्या दारात आणीन."

लेकरू वाचलं. एकाहत्तर साली गाडी नवस फेडायला निघाली आणि बीडच्या पुढं मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन जाम होऊन बसली. ट्रकच्या मागं दोर बांधून तिला परत आणली, तेव्हापासून ती बंदच उभी होती. बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर तेलाचा एवढा मोठा डाग होता. त्यांनी आईला सगळं सांगितलं. शहागडला तेल कमी वाटलं म्हणून एक डबा विकत घेऊन ओतला, हेही सांगितलं. आईनं तेवढंच धरलं.

"त्या दिवशी वार कोणता होता?"

"शनवार."

"शनवारी तेल घेतलं? अन् वर लोखंडाच्या पोटात ओतलं? मंग दुसरं काय व्हणार व्हतं!"

त्या दिवसापासून आमच्या घरात शनिवारी तेलाचा थेंब विकत आला नाही. खायचं नाही, दिव्याचं नाही, केसांचं नाही. मी लग्न होऊन जालन्याला आले तरी तो नेम माझ्याबरोबर आला. माझे नेम तसे बरेच आहेत. आंघोळ झाल्याशिवाय चूल नाही, तुळशीला पाणी आणि पोथीचा एक अध्याय झाल्याशिवाय तोंडात घास नाही. शनिवारी मारुतीला तेल वाहते, ते शुक्रवारी आणून ठेवलेलं असतं. यातलं कुठलंच मला कधी जड वाटलं नाही.

बाबा त्र्याऐंशी साली गेले. शेवटच्या दिवसांत म्हणाले, "मोठ्या आईंना म्हणलो व्हतो, हीच गाडी तुमाला घाट चढवून दाखवीन. तेवढं ऱ्हायलं, उषे." मी म्हणाले, "मी करीन, बाबा." माझा आवाज मुळात बारीक. खोलीत चार माणसं होती, पण ते फक्त बाबांना ऐकू गेलं.

*

शहाण्णव सालच्या पाडव्यानंतर आठ दिवसांनी काकासाहेबांनी ती गाडी ट्रॅक्टरमागं बांधून आमच्या गॅरेजात आणली. अंबड रस्त्याला आमचं गॅरेज. माझे यजमान धर्मराज इंजिनाचे कारागीर. स्पेअर पार्टचं कपाट, आणणं-ठेवणं माझ्याकडं. दुरुस्त झालेली गाडी फेरी मारून बघायचं कामही बऱ्याचदा माझ्याकडं असतं, कारण धर्मराज म्हणतात, "हिला इंजिन पोटातून बोलतंय ते ऐकू येतं. मला फक्त ओरडलेलं ऐकू येतं." लायसनही त्यांनीच हट्टानं काढायला लावलं.

काकासाहेब पन्नाशीचे झाले होते, पण आवाज तसाच पाटीलकीचा. फाटकातूनच सुरू झाले.

"धर्मराज! आईचं वय अठ्ठ्याहत्तर. जीपनं नेतो म्हणलं, न्हाई. बसनं नेतो म्हणलं, न्हाई. म्हणती ज्या गाडीत तू मरून राह्यला व्हता तीच पायजे. आता मी जिता हाय, तर तिला त्याचं काही न्हाई!"

"किती दिवस देता?" धर्मराजांनी बॉनेट उघडत विचारलं. आतून एक उंदीर उडी मारून गेला.

"पुजाऱ्याचं पत्र आलंय. महिन्यानं रविवारी सकाळी अभिषेक. शनवारी निघायचं."

शनिवार म्हटल्यावर मी धर्मराजांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते इंजिनाकडं असे बघत होते जसं माणूस लग्नाला आलेल्या जुन्या मित्राकडं बघतो.

पंधरा दिवस आमच्या घरात दुसरी गोष्ट नव्हती. इंजिन उतरलं. घाटात भाजलेली बेरिंगं निघाली, त्यांच्यावर धातू लोण्यासारखा पसरलेला होता. क्रँक घासून आला, नवी बेरिंगं बसली, पहिल्यापेक्षा मोठा ऑईल पंप बसला, चार पात्यांच्या जागी सहा पात्यांचा पंखा आला. तरी धर्मराजांचं समाधान होईना. एका दुपारी जेवता जेवता हात तसाच ताटात ठेवून म्हणाले,

"पाण्याला थंड करायला रेडिएटर हाय. तेलाला कोण हाय?"

"काय?"

"अगं, घाटात इंजिन तापतं, तेल तापतं. तेल तापलं की पाण्यावानी पातळ. पातळ झालं की दाब गेला. दाब गेला की बेरिंग गेली. तुझ्या बाबांचा त्यात काय गुन्हा? तेलालाच थंड करणारं कुणी नव्हतं." ते उठले, हातसुद्धा धुतला नाही. "मोठ्या मशिनींना ऑईल कूलर असतो. तसला पायजे!"

ऑईल कूलर म्हणजे छोटा रेडिएटरच. फरक इतकाच की त्यातून पाणी नाही, तेल फिरतं, आणि समोरच्या वाऱ्यानं गार होऊन पुन्हा इंजिनात येतं. पण साठ सालच्या अँबॅसडरला तो कुठून आणायचा? धर्मराज एमआयडीसीत तातेरावांकडं गेले. तातेराव एका रोलिंग मिलमध्ये लेथवर लोखंडी रोल कातायचे. त्यांच्या मिलमध्ये गावोगावचं भंगार ट्रकनं येऊन पडायचं आणि वितळायच्या आधी त्यात काय काय आहे हे तातेरावांइतकं कुणाला ठाऊक नसायचं.

तिसऱ्या दिवशी तातेराव सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून हजर. "वहिनी, चहा टाका. तुमच्या गाडीचं फुप्फुस आणलंय."

पोत्यातून निघालं ते कुठल्यातरी जुन्या कॉम्प्रेसरचं होतं. काळं, चिकट, पातीत माती भरलेली. रुंदी माझ्या पोथीएवढी, जाडी थोडी जास्त.

"ह्ये गळत असंल," धर्मराज म्हणाले.

"गळत असंल तर मी परत नेतो, उद्याच्या भट्टीत टाकतो. पण गळत न्हाई. मी भंगाराला तोंडावरून वळखतो."

"मला वळखता का?"

"तुमाला तर लांबूनच!"

रॉकेलनं धुतलं, साबणानं धुतलं, हवा मारली. मग एक तोंड बुच लावून बंद केलं, दुसऱ्यातून पंपानं हवा भरली आणि मी ते आमच्या कपडे धुवायच्या टबात बुडवून दोन्ही हातांनी दाबून धरलं. तिघंही टबावर ओणवे. पाणी स्थिर झालं. एक बुडबुडा वर आला आणि तातेरावांचा चेहरा उतरला. मी म्हणाले, "माझ्या बांगडीखालचा आहे." हात हलवला. मग कितीतरी वेळ काही आलं नाही. काहीच आलं नाही! तातेरावांनी टबावरच थाप मारली आणि माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं.

मग तातेरावांनी लेथवर एक जाड गोल चकती उतरवली. ती इंजिन आणि तेलाचं फिल्टर यांच्यामध्ये बसायची. एका भोकातून तेल बाहेर कूलरकडं जायचं, दुसऱ्यातून परत यायचं. पहिली चकती सूतभर जाड झाली, बोल्ट पुरेना. दोघांनी एकमेकांच्या मापाला नावं ठेवली. दुसरी अशी बसली की मध्ये कागद जाईना. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे पाईप मिळतात त्या दुकानातून दोन जाड रबरी पाईप टोकांना नट दाबून बसवून घेतले. त्यांच्या पितळी नटांवर काळपट थर होता. मी देवाची भांडी घासते तशी चिंच लावून ते घासले. धर्मराज म्हणाले, "अगं, हे गाडीत जायचंय, देवघरात न्हाई." पण ते चकाकते नट हातात फिरवत बराच वेळ बसले होते ते मी पाहिलं.

कूलर बसला रेडिएटरच्या पुढं, जाळीच्या मागं, थोडा उंचावर. बाहेरून कुणाला दिसत नव्हता. मला मात्र तो दिसल्यासारखाच वाटायचा.

निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी तेल आणायला निघाले. धर्मराज गाडीखालून ओरडले, "लिटरचे पाच डबे आण!"

"चार लागतात," मी म्हणाले. "बाबा कायम चारच ओतायचे. उघडा डबा उरून वाया जाईल."

"आण मंग चार. गाडी तुझ्या बापाची."

गाडी माझ्या बापाची नव्हती, पण मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी चार डबे पिशवीत घालून जवळजवळ पळत आले.

*

शुक्रवारी दुपारी काकासाहेब मोठ्या आईंना घेऊन आले. त्यांना गॅरेजाच्या दारात खुर्ची दिली. मी ड्रायव्हरच्या सीटवर, काट्यावर डोळे लावून. धर्मराजांनी प्लग काढून ठेवले होते. इंजिन चालू करायच्या आधी नुसतं हँडल मारून तेल सगळीकडं पोचवायचं होतं.

"काटा हलला की सांग!" धर्मराजांनी हँडल फिरवायला सुरुवात केली. वीस फेरे. काटा निजलेला. चाळीस. काकासाहेब म्हणाले, "द्या इकडं," आणि त्यांनी धोतर खोचलं. तातेराव मोजत होते. "साठ... काकासाहेब, दम खा. पासष्ट..." काटा निजलेलाच. माझ्या मनात अध्यायातल्या ओव्या आपोआप सुरू झाल्या. मग तो उचलला. आधी केसभर, मग एकदम, झोपलेल्या माणसानं हाक ऐकून मान वर करावी तसा.

"हलला," मी म्हणाले.

हँडल फिरतच राहिलं.

"हलला, हलला!"

"अगं पोरी, जरा मोठ्यानं बोल की!" मोठ्या आई खुर्चीतून ओरडल्या. "काटा हलला म्हणती रे ती! काक्या, सोड ते हँडल, मरशील! परत नवस बोलायला माझ्यात जोर न्हाई!"

प्लग बसले. चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. पंचवीस वर्षांनी तोच आवाज, पण दाट, भरलेला. धर्मराजांनी तेलाची पातळी दाखवणारी काडी बघून तेल आधीच भरलं होतं. आता पाच मिनिटं इंजिन चालवून ते पाईपांना हात लावून बघायला लागले. "बघा, बघा! जाणारा पाईप चटका देऊन राह्यलाय अन् येणारा नुसता कोमट!" सगळ्यांनी आळीपाळीनं हात लावला. मोठ्या आईंनाही उठवून आणलं. काकासाहेबांनी पेढे वाटले. त्या गडबडीत काडी पुन्हा कुणी काढून बघितली नाही.

"चालवणार कोण?" काकासाहेबांनी विचारलं. "मी बसतो स्टिअरिंगवर."

"तू मागं बस," मोठ्या आई म्हणाल्या. "शब्द रामकिसननं दिला व्हता. त्याची पोर चालवंल."

काकासाहेबांनी धर्मराजांकडं पाहिलं. धर्मराजांनी हातातला पाना पुसत इतकंच म्हटलं, "मी बाजूला बसतो. पाना घेऊन."

*

शनिवारी सकाळी आंघोळ, तुळस, अध्याय, मारुतीला तेल, सगळं उरकून मी बाहेर आले तेव्हा धर्मराज काडी उन्हाला धरून बघत होते. "काठोकाठ!" आम्ही निघालो.

अंबड मागं पडलं, वडीगोद्री मागं पडली. खिडकीतून वारा असा येत होता की मोठ्या आईंचा पदर काकासाहेबांच्या तोंडावर जात होता. त्या मागून प्रत्येक गाव ओळखत होत्या आणि चुकत होत्या. काकासाहेब त्यांना दुरुस्त करत होते आणि तेही चुकत होते. धर्मराज शेजारी बसून गुडघ्यावर बोटांनी इंजिनाचा ठेका धरत होते. मला गाणं येत नाही, पण ऊर भरून आल्यावर माणसं का गातात हे मला त्या रस्त्यावर कळलं. काटा ठाम उभा होता.

शहागड जवळ आलं, हायवेवरचं एक वळण घेतलं आणि काटा थरथरला.

एकदाच. सरळ रस्ता आला आणि तो परत उभा राहिला. धर्मराजांच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वळणाला तो पुन्हा खाली झुकला आणि या वेळी लवकर उठेना. मी चावी बंद केली.

"काय झालं?" तिघंही एकदम.

इंजिन बंद झालं होतं, गाडी आपल्याच वेगात चालली होती. मी तिला रस्त्याच्या कडेला, ट्रक थांबतात त्या मोकळ्या जागेत, एका कडुनिंबाखाली नेऊन उभी केली. मग म्हणाले, "काटा पडला."

धर्मराजांनी बॉनेट उघडलं, काडी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. नुसत्या टोकाला ओल होती. ते गाडीखाली गेले. गळती कुठंच नव्हती. मग उकिडवे बसून राहिले आणि एकदम कपाळावर हात मारला.

"कूलर! कूलरच्या अन् पाईपाच्या पोटात लिटरभर तेल राहतं ना! इंजिन बंद असलं की रात्रीतून उतरून खाली चेंबरात येतं, म्हणून सकाळी काडी भरलेली. इंजिन चालू झालं की वर चढून बसतं. खाली उरतं कमी. वळणावर पंपाला तेलच मिळंना." ते माझ्याकडं वळले. "पाचवा डबा लागत व्हता."

तो डबा मीच नको म्हणाले होते.

समोर, वीस पावलांवर, ट्रकवाल्यांसाठी टायर आणि ऑईलची तीन दुकानं होती. दुकानांच्या दारात डब्यांच्या रांगा उन्हात चमकत होत्या. काकासाहेबांना माझा नेम माहीत नव्हता. ते खिशात हात घालून निघालेच. "मी आणतो की! त्यात काय."

"थांबा, काकासाहेब," धर्मराज म्हणाले. "आज शनवार हाय. आमच्यात आजच्या दिवशी तेल घेत न्हाईत."

"मी घेतो ना. पैसा माझा, गाडी माझी."

"पण ते हिच्या हातून चालणाऱ्या इंजिनात जाणार." वीस वर्षांत धर्मराज माझ्या नेमांवर हसले नव्हते असं नाही, पण ओलांडला एकही नव्हता. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "दुसरा एक इलाज हाय. कूलर काढतो. दोन पाईप एकमेकाला जोडून देतो. त्याच्या पोटातलं तेल खाली येतं, काडी बराबर होती. अर्ध्या तासाचं काम. तुझा नेम राहतो."

"अन् घाट?" मी विचारलं.

त्यांनी हातातली काडी पुसली. उन्हाळ्याचं ऊन होतं, आणि घाटाच्या पायथ्याशी आम्ही बाराच्या सुमाराला पोचणार होतो.

मोठ्या आई मागच्या दारातून पाय बाहेर सोडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "शनवारी तेल घेऊ नये म्हणतेत. मंग शनीच्या देवळापुढं तेलवाल्याची दुकानं कोणत्या वारी चालतेत गं? बेस्तरवारी?"

धर्मराज हसले. मला हसू आलं नाही. मोठ्या आईंनी ते पाहिलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला.

"उषे, हीच जागा. हा लिंब तवा लहान व्हता. रामकिसननं काडी बघितली, तेल कमी व्हतं. मीच म्हणले, आज शनवार हाय, ऱ्हाऊ दे. तर म्हणाला, 'बाईसाहेब, शनी माझं बघून घेईल. तुमाला कोरड्या इंजिनावर पुढं न्यायला माझा जीव व्हत न्हाई.' अन् जाऊन आणलं."

"त्या तेलामुळंच गाडी घाटापोतर तरी गेली," धर्मराज म्हणाले. "न्हाईतर गेवराईच्या आतच बसली असती."

मी कडुनिंबाखाली उभी होते. आईला मी दोष देत नाही. ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला दुःखाला टांगायला एक खुंटी लागते. पण पंचवीस वर्षं दर शनिवारी मी रिकामी बाटली तशीच ठेवून, देवाचं काही करते आहे असं समजून, माझ्या बाबांनाच दोषी धरत आले होते. ज्यांनी बरोबर केलं त्यांना. आणि आता त्याच जागी मी कूलर काढून ठेवायचा? माझा नेम हातात सांभाळून, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला त्याच घाटात तापलेल्या इंजिनावर न्यायचं?

मारुतीला मी मनातल्या मनात एवढंच म्हणाले की तुझं तेल तुला देतच राहीन. हे दुसरं आहे.

"मी आणते," मी म्हणाले.

"काय?" काकासाहेबांना ऐकू गेलं नाही.

"मी आणते. कुणी येऊ नका."

चपला घातल्या आणि चालत गेले. दुकानात एक माणूस स्टूलवर बसून पंख्याच्या वाऱ्याला सदरा हलवत होता. ट्रकवाल्यांमध्ये पदर घेतलेली बाई बघून तो उभा राहिला.

"काय पायजे, माय? पाणी?"

"इंजिन ऑईल. एक लिटर." मग थांबून म्हणाले, "दोन द्या."

"कोणत्या गाडीला?"

"अँबॅसडर. साठ सालची. नवी बेरिंगं आहेत, पंप मोठा आहे, ऑईल कूलर आहे."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "ड्रायव्हर कोण हाय?"

"मी."

तो आत गेला आणि फडक्यानं पुसून दोन डबे घेऊन आला. वर एक पत्र्याचं नरसाळं ठेवलं. "हे असू द्या. परत जाताना द्या, न्हाई दिलं तरी चालतंय."

गाडीपाशी आले. धर्मराजांनी हात पुढं केला, पण मी डबा दिला नाही. झाकण मीच उघडलं, नरसाळं लावलं, तेल ओतायला लागले. ते मधासारखं सोनेरी, जाड धार धरून उतरत होतं. लहानपणी रानात पहिल्यांदा गाडी माझ्या हातानं पुढं सरकली होती तेव्हासारखं वाटत होतं.

"इंजिन चालू कर," धर्मराज म्हणाले. "चालू करून, बंद करून, लगेच काडी बघू. आता फसायचं न्हाई."

तसं केलं. आणखी पाव डबा लागला. पुन्हा केलं. काडी बरोबर. त्यांनी इंजिन चालू असताना मला एकदा जोरात ब्रेक दाबून, एकदा गोल वळवून दाखवायला सांगितलं. त्या ट्रकच्या मोकळ्या जागेत मी काळी अँबॅसडर दोनदा गोल फिरवली. चहा पिणारे ड्रायव्हर कप हातात धरून बघत राहिले. एकानं शिट्टी मारली. दुसऱ्यानं त्याला टपली मारली, "अबे, माय हाय." काटा हलला नाही.

"चला!" काकासाहेब दार उघडून आत उडीच मारून बसले. "आई, पदर आवर! धर्मराज, बसा! ती काय, गोदावरी दिसून राह्यली! च्यायला, एवढ्या वर्षांनी..."

पाटीलकीचा तो आवाज तिथंच थांबला. आरशात मला दिसलं की मोठ्या आईंनी त्यांचं डोकं खाली ओढून घेतलं होतं. पन्नाशीच्या माणसाचं पांढरं होत आलेलं डोकं, आपल्या खांद्यावर. त्या त्याच सीटवर, त्याच बाजूला बसल्या होत्या.

धर्मराजांनी उरलेला डबा पायापाशी ठेवला आणि पाना मांडीवर घेतला. पुलावरून एक ट्रक आला, तो जाईपर्यंत मी थांबले. डोक्यावरचा पदर कानामागं खोचला. पहिला गिअर टाकला आणि गाडी हळूच बीडच्या दिशेनं पुलावर घेतली.